छत्रीचं टोक

आप्पा घरी आल्याचं आम्हाला आधी कानांनी कळायचं. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि जिना लाकडी होता. बाकीची माणसं चढली की धपधप असा सरळ आवाज यायचा. आप्पांचं प्रत्येक पाऊल दोनदा वाजायचं, आधी चवडा पायरीच्या कडेला अडकल्याचा 'खर्र' आणि मग 'फट्'. खर्र-फट्, खर्र-फट्. आई त्या आवाजावर स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. मी दारात जाऊन उभी राहायचे, पण उंबऱ्याच्या आत. आप्पा माझ्याकडे बघून हसायचे आणि तसेच पुढे गॅलरीच्या टोकाला नळावर जायचे. तिथे रॉकेलचा बोळा, साबण आणि त्यांचा धुतलेला सदरा आईनं आधीच ठेवलेला असे. ते रॉकेलनं बोटांवरची शाई काढत, मग कोपरापर्यंत साबण लावत, मग पुन्हा साबण लावत. प्रेसमधले कपडे गॅलरीतल्या खुंटीवर जात आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत धुतले जात. एवढं करून आत आले, की निळ्या काठाच्या पांढऱ्या पेल्यात पाणी आणि त्याबरोबर गुळाचा खडा. तो पेला फक्त त्यांचा होता. गूळ मलाही मिळायचा, पण आईच्या हातून.

आप्पा खिळेजुळारी होते. हा शब्द नातवाला सांगितला तर त्याला सुतार वाटला, म्हणून सांगते. तेव्हा पुस्तक छापायचं तर शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळीत बसवावं लागे. त्या अक्षरांना खिळे म्हणत आणि ती जुळवणारे ते जुळारी. आप्पा शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये लहानपणीच लागले होते. एकदा त्यांच्या हातून एका मासिकातला लेख जुळला. शिशाचं काम करणाऱ्यांच्या अंगात शिसं कसं भिनतं, हातपाय कसे लुळे पडतात आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांना ते कसं लवकर चढतं, असं त्यात होतं. दुसरा कुणी असता तर वाचून विसरला असता. पण आप्पांनी ते एकेक अक्षर बोटांनी उचलून लावलं होतं, आणि स्वतः जुळवलेल्या मजकुरावर त्यांचा जितका विश्वास होता तितका देवावर नव्हता. देव तर आम्ही सोडलेच होते. त्यांचे पाय तेव्हा बारीक व्हायला लागले होते. माझ्या आधीचा भाऊ तान्हा असतानाच तापानं गेला होता. आप्पांनी दोन आणि दोन चार केले. प्रेस सोडणं शक्य नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं आणि हे काम फार सुंदर येत होतं. मग त्यांनी मलाच सोडलं. मला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि आमच्या घरात तो कायदा झाला.

हे सगळं मला पुढे मोठेपणी कळलं. लहानपणी एवढंच कळायचं, की इतरांचे वडील मुलांना उचलतात आणि माझे उचलत नाहीत. ते रागीट नव्हते, उलट माझ्याशी इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षेत चांगले मार्क पडले की ते वर्तमानपत्राची सुरळी करून माझ्या पाठीवर दोनदा हलकेच मारत, तीच शाबासकी. रस्ता ओलांडायचा असला की आपल्या छत्रीची मूठ स्वतः धरत आणि टोक माझ्या हातात देत. बाराही महिने ती छत्री त्यांच्याबरोबर असे, लोकांना वाटे पायांसाठी आधार म्हणून. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत पुढे आप्पा, मध्ये छत्री आणि मागे मी, अशी आमची वरात जायची. एक दुकानदार दर वेळी म्हणायचा, "काय हो, पोरगी पळून जाईल म्हणून बांधून नेताय, का तुम्हीच?" आप्पा हसत. मला ते छत्रीचं टोक अजून आठवतं. लोखंडी, उन्हाळ्यात तापलेलं, थंडीत गारठलेलं. त्यांच्या हाताचं ऊन-थंड मात्र मला ठाऊक नव्हतं.

एक आठवण आहे, तीसुद्धा खरी का आईनं सांगून सांगून झालेली, देव जाणे. कुणीतरी मला खांद्यावर घेतलंय आणि माझ्या गालाला दाढीचे खुंट टोचताहेत. आई म्हणायची, ते आप्पाच, लेखाच्या आधीचे. रात्री ते दाराजवळ वेगळी सतरंजी टाकून झोपत. मी आईजवळ. मधे अख्खी खोली. भाऊबहीण नव्हतं, गल्लीतल्या मुली खेळायला हाक मारीत नसत. का मारीत नसत ते पुढे येईलच. मी फार एकटी मुलगी होते. आज हे लिहिताना घरात माणसं आहेत, टीव्ही चालू आहे, आणि तरी त्या खोलीतली ती मधली रिकामी फरशी मला स्पष्ट दिसते.

फरशीवरून आठवलं. आमच्याकडे शहाबादी फरशी होती. रविवारी अंघोळी लागोपाठ होत आणि ओल्या पायांचे ठसे मोरीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत उमटत. आईचा ठसा भाकरीसारखा सपाट, भरलेला. आप्पांचा ठसा दोन तुकड्यांचा, इकडे टाच, तिकडे चवडा आणि मधे कोरडी फरशी, जणू मधला पाय कुणी खाऊन टाकलाय. एकदा आप्पांमागोमाग अंघोळ करून मी बाहेर आले आणि वळून पाहिलं, तर माझाही ठसा दोन तुकड्यांचा. तसाच्या तसा, फक्त लहान. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांचं काहीतरी माझ्याकडे होतं. त्यांच्या ठशावर मी हळूच माझं पाऊल ठेवलं, टाचेत टाच, चवड्यात चवडा. फरशी गार होती, पण ते पाणी त्यांच्या पायाचं होतं. नंतर प्रत्येक रविवारी ठसे वाळायच्या आत मी ते करत असे. गेल्या वर्षी वाघोलीला आमच्या सोसायटीच्या तलावातून माझा नातू पोहून बाहेर आला आणि टॉवेल शोधत पळाला. सिमेंटवर त्याच्यामागे टाचा आणि चवडे, टाचा आणि चवडे. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. त्याच संध्याकाळी मी हे लिहायला घेतलं.

आनंद फार दिवस टिकला नाही, कारण ठशाबरोबर बाकीचंही आलं. शाळेत मुलींची लंगडी चालायची. मला एका पायावर उभंच राहता येईना. उजवा पाय उचलला की डावा घोटा आतल्या बाजूला मुरगळायचा आणि मी पडायचे. पहिल्यांदा मुली हसल्या, मग गटात घेताना माझ्यावरून भांडायला लागल्या, मला कुणी घ्यायचं नाही म्हणून. शेवटी बाईंनी मला झाडाखाली बसवून सगळ्यांच्या चपला सांभाळायचं काम दिलं. चपला मला चांगल्या सांभाळता यायच्या, फक्त स्वतःची सोडून. ती चालता चालता पायातून निघून जाई आणि मला चार पावलं पुढे गेल्यावर कळे, तेही मागून कुणी ओरडलं म्हणून. मी आईकडे हट्ट करून नाडीचे कॅनव्हासचे बूट घेतले. आईला वाटलं, पोरीला मिजास सुचली. बुटात पाय लपत होते, बोटं आकडायला लागली होती ती दिसत नव्हती. गुडघे फुटले की मी सांगत असे, कुणीतरी ढकललं.

लपवायचं कारण होतं. एका रविवारी मी मोरीत होते आणि बाहेर दोघं बोलत होती.

"एकदा तरी जवळ घ्या तिला," आई म्हणत होती. "पोर नुसती तुमच्याकडं बघत बसते."

"पहिला गेला," आप्पा म्हणाले. "ही राहू दे. आणि ऐक, हिच्यात काही दिसलं ना, पायात, हातात, जरा जरी, तर मी या घरात राहणार नाही. प्रेसची माडी रिकामी आहे. मालकांना विचारून ठेवलंय."

"अहो, काय बोलता!"

"खरं तेच बोलतो. दारात येऊन बघून जाईन."

मी डोक्यावर तांब्या ओतून घेतला आणि आवाज होईल इतका ओतत राहिले. म्हणजे माझे पाय कुणाला दिसले की आप्पा जाणार. त्या दिवसापासून मी ठशांवर पाऊल ठेवणं बंद केलं. अंघोळ झाली की मोरीतच पाय कोरडे करून बाहेर यायचे. जी गोष्ट मला सगळ्यात आवडत होती तीच आता माझ्या मुळावर आली होती, आणि हे कुणाशी बोलायची सोय नव्हती.

आमच्याकडे येणारं हक्काचं माणूस म्हणजे हिराआत्या, आप्पांची थोरली बहीण. ती पुण्याजवळ मांजरी गावाला असायची, उसाच्या शेतावर कामाला. येताना उसाची मोळी आणि बाटलीत काकवी घेऊन यायची, आणि आल्या आल्या सगळं घर तिच्या आवाजानं भरून जायचं. तीही पाय फार वर उचलून टाकायची, चिखलातून चालल्यासारखी. कोणी विचारलं तर म्हणायची, "जलमभर उसाच्या पाटातनं चालतीया, सवय झाली." आजोबांचे पायही तसेच होते म्हणे, पण आजोबा पलटणीत होते, त्यांचं खापर बुटांवर फुटलं होतं. आमच्या घराण्यात प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण इतकं पटण्यासारखं होतं की दुसऱ्याचे पाय बघायची कुणाला गरजच पडली नाही.

एका खेपेला आत्यानं तो निळ्या काठाचा पेला गॅलरीतल्या खुंटीवर टांगलेला पाहिला. आप्पांनी तो नुकताच घरातून बाहेर हलवला होता.

"ह्यो पेला हितं कशापायी?"

"माझा आहे, अक्का. वेगळा ठेवतो."

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नामा, आपल्या आबानं लोकांच्या दारात खाली बसून ओंजळीत पानी घेतलंय. वरनं वतायचे. पेला नगं लागाया म्हनून. ते नगं म्हनून धर्म बदलला, देव बुडवले हिरीत. आन् तू सवताच्या घरात सवताचा पेला भाईर टांगतोस? सवताच्या लेकीला शिवत न्हाईस?"

"ते वेगळं होतं. हे शास्त्र आहे, अक्का."

"तवाबी शास्त्रच सांगत हुते," आत्या म्हणाली.

आत्यानं पेला उचलला, आत नेला, त्यात चहा ओतला आणि आप्पांच्या देखत स्वतः प्याली. आई पदराआड हसली. पण आत्या मांजरीच्या बसला गेली की पेला पुन्हा खुंटीवर गेला.

मग आप्पांचे हात जायला लागले. अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस हळूहळू उतरलं, तिथे खळगा पडला. सदऱ्याची बटणं आई लावायची. हातही लुळे पडतात, असं लेखात होतंच. भाकरी तुटेना, तेव्हा आई ताटात वाढायच्या आधीच तुकडे करू लागली आणि म्हणू लागली, "आज जरा कडकच झालीय मेली." तिची भाकरी जन्मात कधी कडक झाली नव्हती. वरून सुकटीची चटणी, कच्चा कांदा. आप्पा तुकडे उचलत आणि म्हणत, "हो, कडक आहे खरी." अशी ती दोघं एकमेकांना सांभाळून खोटं बोलत जेवायची. चाळीत कुजबुज वेगळीच होती. बधिर बोटं, वाकडा पंजा, वेगळा पेला. रगतपिती, महारोग तर नव्हे? शेजारच्या काकूंनी आमच्याकडचं विरजण मागणं सोडलं. आप्पा त्या दिवसांत लोकांना न विचारताही शिशाबद्दल सांगायचे, त्याचं कारण मला आता उमगतं. शिसं हा शब्द त्या दुसऱ्या शब्दापेक्षा पुष्कळ बरा होता.

प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. जुळारी बघत नाही, अंगठ्याला खाच लागली की त्याला कळतं, अक्षर सुलटं आहे. आप्पांच्या अंगठ्याला खाच लागेनाशी झाली. प्रुफांत उलटी अक्षरं यायला लागली. एकदा एका लग्नपत्रिकेत वधूच्या वडिलांचं नाव डोक्यावर उभं राहिलं. मालकांनी आप्पांना बोलावलं. "अहो, लग्न अजून लागायचंय, तोवर व्याह्यांना शीर्षासन कशाला?" असं म्हणाले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "दवाखान्यात दाखवा एकदा. रजा मांडतो मी." पुणेरी माणसाची माया अशी टोमण्याच्या कागदात गुंडाळून येते. आप्पा गेले. सरकारी मोठ्या दवाखान्यात रक्त दिलं, शिशाची तपासणी करा म्हणून स्वतःच हट्ट धरला. काही दिवसांनी निकाल घ्यायला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवायला बोलावलं, तेव्हा आईला, ती बालवाडीत कामाला होती, सुट्टी मिळेना. आत्या मांजरीहून आली. मला सुट्टी होती, घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून मलाही नेलं. मी बुटांच्या नाड्या दोन-दोन गाठी मारून बांधल्या.

डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या, भोवती शिकाऊ मुलांचा घोळका. त्यांनी आप्पांना टाचांवर चालायला सांगितलं. आप्पांना चवडे उचलताच येईनात. मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. मानेवरून, कोपराच्या मागून त्यांनी बोटं फिरवली आणि मुलांनाही फिरवायला लावली. सगळ्यांनी आप्पांना हात लावला. मी मोजत नव्हते, पण मला प्रत्येकाचा हेवा वाटला.

"यांच्या घरात आणखी कुणाला असं आहे?" बाईंनी आत्याला विचारलं.

"न्हाई बा," आत्या ठामपणे म्हणाली. "आमच्यात कुनालाच न्हाई. ह्याला पेरेसमधलं शिसं चढलंय."

बाईंचं लक्ष आत्याच्या पायांकडे गेलं. "चप्पल सुतळीनं का बांधलीत, आजी?"

"पायात ऱ्हात न्हाई म्हनून."

"जरा काढता का?"

आत्यानं सुतळी सोडली. उंच कमान, आकडलेली बोटं, करकोच्यासारख्या पोटऱ्या. आप्पा बघत राहिले. इतकी वर्षं ती पाय धुऊन त्यांच्यासमोर बसत होती आणि त्यांनी ते पाय आज पहिल्यांदा पाहिले.

"तुम्ही प्रेसमध्ये कधी काम केलंत?"

"म्या? मला अक्षर वळखू येत न्हाई, बाई."

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तू पण बूट काढ गं, बाळ."

मी मागे सरकले आणि भिंतीला पाठ लावली. आप्पा एकदम म्हणाले, "तिचं काही नाही. तिला काही होणं शक्य नाही. मी तिला हातच लावत नाही."

मुलं कागदावर लिहीत होती ती थांबली. "काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. आप्पांनी सांगितलं. लेख, शिसं, पेला, सतरंजी, सगळं. चांगला मजकूर सफाईनं वाचून दाखवावा तसं सांगितलं. ऐकून झाल्यावर बाई माझ्यासमोर सरळ जमिनीवर बसल्या आणि माझ्या नाड्या सोडायला लागल्या. मी बुटांवर दोन्ही हात दाबून धरले. "मला काही नाही," मी ओरडले. "मी पडत नाही. मला मुली ढकलतात. आप्पा, मला काही नाही!" त्यांनी हळूच माझे हात बाजूला केले. बूट निघाले, मोजे निघाले. तेच पाय, लहान.

आप्पा उठले. छत्री घेतली आणि दाराकडे निघाले. "उतरलंच शेवटी," ते म्हणाले. "अक्का, तू हिला घरी ने. मी इथूनच प्रेसवर जातो. हिच्या आईला सांग, कपडे पाठव."

"अहो, बसा," बाई म्हणाल्या. "जिना उतरताना आधार लागतो तुम्हाला, आणि निघालात घर सोडून. बसा आधी. शिशाचा निकाल आलाय. आहे, थोडं आहे, तुमच्या प्रेसमधल्या सगळ्यांच्यात असेल. त्यानं हे झालेलं नाही. त्या दुसऱ्या रोगाचीही मनात भीती असेल तर काढून टाका, तोही नाही. हातापायांकडे जाणाऱ्या नसा तुमच्या घराण्यात जन्मतःच कच्च्या आहेत. सगळ्यात लांबच्या नसा आधी थकतात, म्हणून आधी पाय, मग हात. आई-वडिलांपैकी एकाकडून तुम्हाला आलं, या आजींना आलं, तुमच्याकडून हिला. यानं जीव जात नाही. बरंही होत नाही. बुटात आधार घालून देऊ, चालेल ती."

"पण मी हात लावलेला नाही," आप्पा पुन्हा म्हणाले.

"लावायच्या आधीच गेलंय ते. ती जन्मायच्या आधी."

आप्पा परत फिरून बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे शिवायला हरकत नव्हती?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "नव्हती," त्या म्हणाल्या. "आजही नाही."

खरं सांगू? मला आनंद झाला. पुढे आयुष्यभर ज्या पायांनी मला पाडलं, ज्यांच्यामुळे मी जन्मभर बसून करायची नोकरी केली, सोयरिकी परत गेल्या, ते पाय त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत उघडे पडले आणि मला वाटलं, सुटले. आता आप्पा कुठे जाणार नाहीत. आजार म्हणजे काय ते कळण्याइतकी मी मोठी नव्हते. एवढंच कळलं, की बंदी उठली.

पण बाहेरच्या बाकावर आप्पा माझ्यापासून लांब बसले, होते त्याहूनही लांब. मधे आत्या बसली होती. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते, त्यांना खिशातून रुमाल काढता येत नव्हता. मला वाटलं, आता वेगळ्या कारणानं जातील. 'मीच हिला दिलं' असं म्हणून जातील. आत्यानं आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. "रडायचं काय त्यात?" ती म्हणाली. "आबानं मला ह्ये पाय दिलं, म्या काय आबाला शिव्या देती? आबाच्याच पायांनी हिंडती की मी सगळीकडं. उठ आता." आणि आपल्या बसची वेळ झाली म्हणून उसातल्यासारखी पाय उचलत ती निघून गेली. मुद्दामच गेली असणार. मांजरीची बस तिला कुठे वेळेवर येत होती?

आम्ही दोघं फाटकाबाहेर आलो. समोर रस्ता, ट्रकची रांग, सायकली, टांगे. आप्पा कडेला थांबले आणि सवयीनं छत्रीचं टोक मागे केलं. मीही सवयीनं धरलं. आम्ही तसेच उभे राहिलो. एक ट्रक गेला, दुसरा गेला, रस्ता मोकळा झाला, तरी आप्पा निघेनात. मग त्यांनी छत्री माझ्या हातातून हळूच ओढून घेतली आणि काखेत धरली. आणि हात पुढे केला.

मी तो हात इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. अंगठ्याजवळचा खळगा, नखांच्या कडांना न निघालेली शाई. मी धरला. गार होता, भर दुपारी गार, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलका. तो हात माझ्या हाताभोवती मिटला नाही. नुसता तसाच राहिला. मी वर पाहिलं, तर आप्पा आमच्या हातांकडे बघत होते, प्रुफातलं अक्षर सुलटं आहे का ते बघावं तसे.

"धरलास का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला लागत नाही गं," ते म्हणाले. "बोटांना काही कळतच नाही आता. घट्ट धर. आणि सुटला तर सांग, मला समजायचं नाही."

आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर हात सोडायचा असतो, पण आम्ही सोडला नाही. रास्ता पेठेतून, नाना पेठेतून, खर्र-फट्, खर्र-फट्, घराचा जिना येईपर्यंत मी त्यांना सांगत राहिले, "धरलाय, आप्पा. धरलाय."